मागे ठेवलेली कड: थायरॉइडच्या एका मोठ्या गाठीवरील आरएफए उपचाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या, एसटीत कंडक्टर. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत. लेखात त्यांना ताईच म्हणतो, कारण समोरही मी त्यांना तसंच म्हणत असे.

गळ्याच्या उजव्या बाजूला गाठ आहे हे त्यांना चार-पाच वर्षांपासून माहीत होतं. दुखत नव्हती, म्हणून चालढकल झाली. मग गणवेशाचं वरचं बटण लावलं की आवळल्यासारखं व्हायला लागलं. कोरडी भाकरी गिळताना घास अडल्यासारखा वाटे आणि उजव्या कुशीवर झोपलं की दडपण येई. सगळ्यात जास्त त्रास प्रवाशांच्या चौकशीचा होता. तिकीट घेताना रोज कुणी ना कुणी विचारायचंच, "ताई, गळ्याला काय झालंय?"

गावाकडे रक्त तपासलं तेव्हा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) १.८, म्हणजे अगदी व्यवस्थित होतं. तरीही गाठ बसेल या आशेनं थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. ही पद्धत एके काळी सर्रास होती. आहारात आयोडीन पुरेसं असेल तर या गोळीनं गाठ फारशी लहान होत नाही. उलट टीएसएच दाबलं गेल्यानं हृदयाच्या ठोक्यांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून आता ती या कारणासाठी देऊ नये असंच सांगितलं जातं. ताईंचं टीएसएच ०.२ वर आलं, छातीत धडधड सुरू झाली आणि गाठ होती तेवढीच राहिली. गोळी बंद केल्यावर धडधड थांबली आणि टीएसएच पूर्ववत झालं.

प्रश्न नेमका काय होता

सोनोग्राफीत गाठ ४.८ × ३.६ × ३.७ सेंटिमीटर भरली. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की घनफळ मिळतं. ते आलं साधारण ३३ मिली. गाठ बरीचशी भरीव होती, पाचवा हिस्सा द्रव. टायरॅड्स, म्हणजे सोनोग्राफीवरून कॅन्सरची शंका किती हे १ ते ५ मध्ये सांगणारी श्रेणी, ३ होती; शंका कमी. मानेतल्या लसीकाग्रंथी ठीक होत्या आणि गाठ छातीच्या हाडाखाली उतरली नव्हती.

अडचण तिच्या मागच्या कडेची होती. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून स्वरयंत्राची नस वर जाते. आमच्या कामात या जागेला धोक्याचा त्रिकोण म्हणतात. ताईंच्या गाठीची मागची आतली कड याच त्रिकोणाला टेकलेली होती. पुढे जे काही घडलं ते सगळं या कडेपाशी घडलं.

आधी मात्र गाठ साधी आहे याची खात्री हवी होती. गावाकडे सोनोग्राफीशिवाय, हाताच्या अंदाजानं सुईची तपासणी झाली होती. तिचा निकाल बेथेस्डा १ (बेथेस्डा ही सुईच्या नमुन्याचा निकाल सांगायची श्रेणी). घरच्यांनी त्याचा अर्थ "काही वाईट निघालं नाही" असा घेतला होता. वास्तविक बेथेस्डा १ म्हणजे नमुन्यात पुरेशा पेशीच आल्या नाहीत. ती तपासणी झालीच नाही असं धरायचं. आम्ही सोनोग्राफीत बघत भरीव भागातून नमुना घेतला, तो बेथेस्डा २ आला, म्हणजे साधी गाठ. तरीही मी आणखी एक नमुना मागितला तेव्हा ताईंचे यजमान चिडले. "दोन सुया झाल्या की साहेब. तिसरी कशाला?"

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर सविस्तर द्यायला हवं होतं. शस्त्रक्रियेत गाठ बाहेर येते, पॅथॉलॉजीत जाते आणि काही लपलेलं असेल तर तिथे सापडतं. उष्णतेच्या उपचारात गाठ जागच्या जागी भाजली जाते. नंतर तपासायला हातात काही उरत नाही. म्हणून भरीव गाठ असेल तर आधी दोन वेळा साधा निकाल हवा. पूर्ण द्रवाच्या किंवा स्पंजासारख्या दिसणाऱ्या गाठीला एक निकाल पुरतो, ही तशी नव्हती. दुसरा नमुनाही बेथेस्डा २ आला आणि मगच उपचाराची बोलणी सुरू झाली.

पर्यायांचा विचार

काहीच न करता वर्षातून एकदा सोनोग्राफी करत राहणं हा खरा पर्याय आहे आणि बहुतेक साध्या गाठींना तोच योग्य. ताईंना गिळताना आणि झोपताना त्रास होता, म्हणून तो मागे पडला. अल्कोहोलचं इंजेक्शन द्रवाच्या गाठींवर चांगलं चालतं, भरीव गाठीवर नाही. किरणोत्सारी आयोडीन जास्त हार्मोन बनवणाऱ्या गाठींसाठी. टीएसएच व्यवस्थित असल्यानं तोही प्रश्न नव्हता.

उरले दोन. पहिला, शस्त्रक्रिया करून थायरॉइडचा उजवा भाग काढणं. गाठ एकदाच, पूर्ण जाते आणि तपासलीही जाते. त्यासाठी पूर्ण भूल लागते, गळ्यावर व्रण राहतो आणि अर्धी ग्रंथी गेल्यावर साधारण पाचातल्या एकीला पुढे कायम थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. सरकारी रुग्णालयात हा खर्च जवळजवळ शून्यावर येऊ शकत होता, ही गोष्ट त्यांच्या घरासाठी लहान नव्हती.

दुसरा, रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे आरएफए: सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीत घालून विजेच्या उष्णतेनं ती आतून भाजायची. थायरॉइडच्या गाठी आतून भाजण्याची सुरुवात २००० च्या सुमारास इटलीत लेझरनं झाली. आरएफएचा पाया मुख्यतः कोरियात घातला गेला. तिथला साध्या गाठींवरचा पहिला अहवाल २००६ चा. २०१२ साली कोरियन थायरॉइड रेडिओलॉजी संस्थेनं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. युरोपीय थायरॉइड संघटनेच्या सूचना २०२० मध्ये आल्या. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हे उपचार आता होतात. फक्त इलेक्ट्रोड एकदाच वापरायचा असतो आणि बिलातला मोठा वाटा त्याचाच.

असे रुग्ण मी निर्णयाआधी शल्यचिकित्सकाकडे पाठवतोच. सुई चालवणाऱ्यानं एकट्यानं "सुईच बरी" म्हणणं मला पटत नाही. शल्यचिकित्सकांनी स्पष्ट सांगितलं, "३३ मिलीची गाठ आहे. मी काढली तर विषय संपतो. आरएफएनं लहान होईल, पण मागची कड राहू शकते." त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ताईंसमोर मी ते जसंच्या तसं मांडलं.

सासूबाईंचा गळ्याला चिरा द्यायला ठाम विरोध होता. ताईंची काळजी वेगळी होती. "डॉक्टर, व्रणाचं काही नाही, कॉलरखाली झाकेल. आवाज गेला तर भरल्या गाडीत तिकीट कसं मागू?" आवाजाच्या नसेला धोका दोन्हीकडे असतो. आरएफएत सवयीच्या हातांत आवाज बदलण्याचं प्रमाण शंभरात एखाद-दोन इतकंच आहे आणि त्यातले बहुतेक तात्पुरते असतात. मुख्य फरक असा की आरएफएच्या वेळी रुग्ण जागा असतो, बोलत असतो, त्यामुळे आवाजात फरक पडला तर तिथल्या तिथे कळतो. ताईंनी यावरच निर्णय घेतला.

आम्ही कागदावर तीन गोष्टी मराठीत लिहून दिल्या. गाठ नाहीशी होणार नाही, वर्षभरात निम्म्याहून लहान व्हावी अशी अपेक्षा आहे. २०-३० मिलीपेक्षा मोठ्या गाठीला दुसरी बैठक लागू शकते. आवाजात फरक जाणवला तर काम अर्ध्यावर थांबवलं जाईल. तिसऱ्या ओळीवर यजमानांनी विचारलं, "अर्ध्यावर थांबलं तर पैसे अर्धे?" नाही, पूर्णच, असं सांगावं लागलं. अवघड वाटलं तरी हे बोलणं आधीच झालं हे बरं झालं.

केलेली कार्यवाही

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही स्वरतंतू नीट हलत होते. हे आधी पाहणं मी अनिवार्य मानतो. डाव्या बाजूचा स्वरतंतू आधीच लुळा असेल तर उजव्या बाजूचा धोका पत्करण्याचा हिशेबच बदलतो. रक्त गोठण्याच्या चाचण्या ठीक होत्या.

विजेचा प्रवाह शरीरातून मांड्यांवर चिकटवलेल्या पॅडकडे जातो, त्यामुळे अंगावर धातू नको. मंगळसूत्र काढायला सासूबाईंचा जीव धजेना. शेवटी त्यांनीच काळ्या दोऱ्यात काळे मणी ओवून सुनेच्या मनगटाला बांधले आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

पूर्ण भूल नाही. कातडीला आणि थायरॉइडच्या आवरणाभोवती लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध. इलेक्ट्रोड १८ गेजचा, टोकाचा सेंटिमीटरभर भाग उष्णता देणारा, आतून थंड पाणी फिरत राहणारा. आम्ही तो गळ्याच्या मधोमध, इस्थमसमधून (थायरॉइडचे दोन भाग जोडणाऱ्या पट्टीतून) आडवा आत नेला. या वाटेनं गेलं की सुईची पूर्ण लांबी पडद्यावर दिसते आणि धोक्याचा त्रिकोणही त्याच चित्रात राहतो. शिवाय सुई थायरॉइडच्या ऊतीतून जात असल्यानं रुग्ण बोलला, गिळला तरी जागची फारशी हलत नाही.

गाठ आणि नस यांच्यामध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) सोडून अंतर तयार केलं. सलाइन चालत नाही, त्यातून वीज वाहते. मग कोरियातल्या रेडिओलॉजिस्टांनी रुळवलेल्या पद्धतीनं काम सुरू केलं. टोक एका जागी धरून ठेवायचं नाही. खोल भागापासून वर येत, गाठीच्या एकेका छोट्या भागाला काही सेकंद उष्णता द्यायची. तो भाग बुडबुड्यांनी पांढरा झाला की टोक मागे ओढायचं. दर काही मिनिटांनी ताईंना बोलतं करायचं होतं. काय बोलू, असं त्यांनी विचारलं तेव्हा आमची नर्स म्हणाली, "तुमच्या रूटचे थांबे सांगा." त्यानंतर खोलीभर एकेक गाव ऐकू येत राहिलं.

निर्णयाचा क्षण

गाठीचा पुढचा, मधला आणि बाहेरचा भाग नीट भाजून झाला. मागच्या आतल्या कडेकडे सरकलो तेव्हा ताईंना कानात आणि दाढेत कळ आली. असं होतं, मानेतल्या उष्णतेची वेदना कानात, जबड्यात, कधी खांद्यात जाते. आम्ही शक्ती कमी केली आणि मागच्या बाजूला आणखी थोडं लिग्नोकेन दिलं. कळ थांबली. चार-पाच मिनिटांनी थांब्यांची नावं सांगताना त्यांचा आवाज घोगरा झाला.

आता संशय दोघांवर होता. लिग्नोकेन नसेपर्यंत पसरलं असेल, तर तासा-दोन तासांत आवाज आपोआप सुटेल आणि काम चालू ठेवायला हरकत नाही. नसेला उष्णता पोचली असेल, तर प्रत्येक पुढचा सेकंद इजा वाढवणार. टेबलावर या दोन्हींत फरक सांगणारी कोणतीही खूण नसते.

काम जवळजवळ संपलं होतं. उरलेली कड दहा मिनिटांची होती आणि तिथेच मागे पुन्हा वाढ होण्याची शक्यता सर्वात जास्त. न भाजलेल्या कडा जिवंत राहतात आणि त्याच वाढतात. तरीही प्रवाह बंद केला, थंड डेक्स्ट्रोज नसेभोवती सोडलं आणि सुई बाहेर काढली. अशा वेळी थांबण्याचा निर्णय मोकळेपणानं घेता यावा म्हणूनच तो आधी कागदावर लिहिलेला असावा लागतो. ताईंना कारण विचारावं लागलं नाही. घोगऱ्या आवाजातच म्हणाल्या, "तिसरी ओळ ना?"

संध्याकाळपर्यंत आवाज मोकळा झाला. म्हणजे बहुधा लिग्नोकेनच होतं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीत दोन्ही स्वरतंतू हलताना दिसले.

परिणाम

गळ्याला सूज आणि गिळताना दुखणं तीन-चार दिवस राहिलं, पॅरासिटामॉलवर भागलं. पुढच्या आठवड्यात त्या कामावर गेल्या. महिन्यानं गाठ २५ मिली, सहा महिन्यांनी १३.५, वर्षानं ९.५ मिली, म्हणजे मूळच्या तुलनेत सुमारे ७१ टक्के घट. टीएसएच पहिल्यासारखंच, गोळी नाही. वरचं बटण लागायला लागलं.

मधेच आठव्या महिन्यात एक वेगळीच आपत्ती आली. खोकल्यासाठी त्या दुसरीकडे गेल्या होत्या, तिथे गळ्याची सोनोग्राफी झाली आणि अहवालात टायरॅड्स ५ लिहून आलं. यजमानांचा फोन आला, "साहेब, कॅन्सर निघाला म्हणतात." भाजलेली गाठ आक्रसताना काळपट, कडा पुसट झालेली, कधी रुंदीपेक्षा उंच आणि कॅल्शियमचे ठिपके असलेली दिसते. कॅन्सरची शंका यावी अशाच या खुणा. टायरॅड्सचे गुण कधीही न भाजलेल्या गाठीसाठी आहेत. अ‍ॅब्लेशननंतर ते लावायचे नसतात. सोनोग्राफी करणाऱ्याला आधीचा इतिहास कुणी सांगितलाच नव्हता, त्यामुळे त्यानं जे दिसलं ते लिहिलं.

मन शांत करण्यासाठी लगेच सुई घालावी का, हाही निर्णयच होता. भाजलेल्या भागातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली विचित्र दिसतात आणि त्यातून नवा गोंधळ होऊ शकतो. जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहिली. गाठ प्रत्येक वेळी लहान होत होती, काळ्या भागात रक्तप्रवाह नव्हता, आधीचे दोन्ही नमुने साधे होते. सुई घातली नाही. नवरा-बायकोला पडद्यासमोर बसवून हे सगळं दाखवलं तेव्हा कुठे त्यांना धीर आला.

दोन वर्षांनी मात्र गाठ १३ मिली भरली. भाजलेला भाग सात मिलीवर आला होता, पण मागे ठेवलेली जिवंत कड दोन मिलीवरून सहा मिलीवर गेली होती आणि डॉपलरमध्ये तिथे भरपूर रक्तप्रवाह दिसत होता.

दुसरा निर्णय

सर्वात लहान घनफळापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढ झाली की तिला पुनर्वाढ म्हणायचं, अशी रूढ व्याख्या आहे. ताईंची वाढ ३७ टक्के होती. व्याख्येनुसार थांबता आलं असतं. मला एकूण घनफळापेक्षा जिवंत भागाचं घनफळ जास्त खरं वाटतं. भाजलेला भाग आक्रसत राहतो आणि जिवंत भागाची वाढ एकूण आकड्यात झाकून टाकतो. इथे जिवंत भाग तिप्पट झाला होता, तोही नसेच्या दिशेनं. शस्त्रक्रियेचा पर्याय पुन्हा मांडला. आरएफएनंतरही शस्त्रक्रिया करता येते, थोड्या चिकटलेल्या ऊती सोडवाव्या लागतात इतकंच. ताई म्हणाल्या, "बटण परत तटायच्या आधीच करून टाका."

जिवंत कडेतून नमुना घेतला, बेथेस्डा २. मग दुसरी बैठक झाली आणि तिची आखणी पहिलीतून शिकून केली. डेक्स्ट्रोज एकदाच देऊन थांबलो नाही, ते ओसरतं. बारीक सुईतून काम संपेपर्यंत चालू ठेवलं. मागच्या खोल भागात लिग्नोकेन दिलंच नाही. कळ आली की प्रवाह बंद करून थांबायचं, कळ ओसरली की कमी शक्तीवर पुन्हा. त्यामुळे वेळ जास्त गेला, ताईंना त्रासही थोडा जास्त झाला आणि हे त्यांना आधी सांगितलं होतं. आवाज शेवटच्या थांब्यापर्यंत स्वच्छ राहिला. वर्षानंतर गाठ ४.५ मिली; जिवंत भाग अर्ध्या मिलीपेक्षा कमी.

वेगळं काय करता येईल

धोक्याच्या त्रिकोणाजवळ रुग्णाचा आवाज हीच एकमेव तातडीची सूचना असते. त्या जागी लिग्नोकेन ओतलं की वेदना जाते, पण आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्या बैठकीत तिथे भूल न वाढवता थांबत थांबत काम केलं असतं तर कदाचित कड पूर्ण झाली असती. आवाज बदलल्यावर थांबण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन.

३० मिलीपलीकडची, मागे टेकलेली गाठ असेल तर आता आम्ही सुरुवातीलाच दोन बैठकांचा खर्च सांगतो. "लागू शकते" हा शब्द घरच्यांच्या हिशेबात उतरत नाही. ताईंच्या यजमानांना दुसऱ्या वेळी सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. आधी पूर्ण रक्कम कळली असती तर त्यांनी शस्त्रक्रिया निवडली असती का, हे त्यांना मी विचारलं. "तेव्हा निवडली असती," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "मी नसती निवडली." दोघांचीही उत्तरं फाइलमध्ये नोंदवली आहेत.

टायरॅड्स ५ चा प्रकार टाळता येण्यासारखा होता. आता प्रत्येक रुग्णाला खिशात मावेल अशी लॅमिनेट केलेली चिठ्ठी देतो. त्यात उपचाराची तारीख, बाजू, मूळ घनफळ, सुईच्या तपासण्यांचे निकाल आणि ठळक अक्षरांत एक ओळ असते: या गाठीवर उष्णतेचा उपचार झाला आहे, टायरॅड्स लावण्याआधी जुनी चित्रं पाहावीत. ताईंनी ती तिकीट मशीनच्या पाकिटात ठेवली आहे. पुढची सोनोग्राफी वर्षानं आहे. मागच्या कडेची आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांतली चित्रं घ्यावीत आणि जिवंत भागाचं माप वेगळं लिहावं, असंही त्या चिठ्ठीत आहे.